‘लाइन बंद आहे’ हे कोणी ठरवायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

कामगारांना वीज-सुरक्षेचे प्रशिक्षण देताना मी सुरुवातीला एका फळीवर बसवलेले दोन सारखेच सॉकेट दाखवतो आणि त्यांतल्या कोणत्या सॉकेटला सप्लाय आहे, असे विचारतो. सगळे निरखून पाहतात, अंदाज करतात, पण खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. फिरणारा पट्टा डोळ्यांना दिसतो, भट्टीची धग अंगाला लागते; तारेत वीज आहे की नाही हे मात्र नुसते पाहून कळत नाही. म्हणूनच ‘लाइन बंद आहे’ हे शब्द, मग ते कितीही अनुभवी सहकाऱ्याचे असोत, स्वतः तपासून पाहीपर्यंत ऐकीव माहितीच असतात.

शरीराला किती प्रवाह सोसतो, हे आकड्यांत समजून घेणे आवश्यक आहे. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात, १० ते २० मिलिअँपिअरच्या दरम्यान हाताचे स्नायू असे आवळले जातात की पकडलेली तार सोडवत नाही, आणि ५० ते १००च्या पुढे हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन माणूस दगावू शकतो. घामाने भिजलेल्या शरीराचा विरोध १००० ओहमपर्यंत उतरला, तर २३० व्होल्टला सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पॅनेलमधली १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, मात्र १६००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसलेली असते, कारण तिचे काम वायरिंग वाचवण्याचे आहे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून सप्लाय तोडणारा स्विच, लागते. आणि फेज (वीज आणणारी तार) व न्यूट्रल (परतीची तार) दोन्हींना एकाच वेळी हात लागला, तर तीही उपयोगी पडेलच असे नाही.

आता मूळ कामाकडे येतो. स्विच बंद करून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावणे पुरेसे नाही, कारण पाटी स्विच अडवू शकत नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाने तिथे स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. चौघे काम करत असतील तर कुलपे चार. शिफ्ट बदलताना हा नियम सर्वांत जास्त ढिला पडतो, असे माझे निरीक्षण आहे. त्यानंतर तपासणी. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मीटर लावून तो ठीक आहे हे पाहावे, मग कामाच्या जागी प्रत्येक फेज तपासावा, आणि शेवटी पुन्हा त्याच चालू सॉकेटवर मीटर लावावा, म्हणजे मधल्या वेळेत मीटरच बिघडला नव्हता हे कळते. खिशातल्या साध्या टेस्टरवर यासाठी विसंबू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास किंवा भर उन्हात त्याचा दिवा पेटलेला दिसेलच असे नाही, आणि लाइन बंद असल्याचा गैरसमज होतो. कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असलेल्या यंत्रात तर सप्लाय तोडल्यावरही विद्युतभार शिल्लक राहतो. तो उतरवल्याशिवाय हात घालू नये.

हे सारे वर्गात सांगून भागत नाही. मी सरावाच्या वेळी मुद्दाम शेजारच्या यंत्राचा स्विच बंद करतो आणि ‘लाइन बंद केली आहे, सुरू करा’ असे सांगतो. जो मीटर न लावता पान्हा उचलतो, त्याला तिथेच थांबवून सगळी कृती पहिल्यापासून करायला लावतो. वायरमनइतकाच हा सराव हेल्परला, रंगाऱ्याला आणि ॲल्युमिनियमची शिडी उभी नेणाऱ्या मजुरालाही हवा, कारण ओव्हरहेड तारेशी गाठ बहुधा त्यांचीच पडते. रबरी हातमोजे वापरण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत आतली हवा बोटांकडे दाबून, ती कुठून निसटते का हे कानाजवळ धरून ऐकायलाही शिकवावे.

आणि सहकारी चिकटलाच, तर त्याला ओढायला धावू नये. प्रथम सप्लाय तोडावा. श्वास थांबला असेल तर एकाने रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, निदान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करावी. हा सराव पुतळ्यावर प्रत्येकाने गुडघे टेकून स्वतः करावा, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा करावा.