आधी तळ, मग इंजिन

(दृश्य: मिशिगन राज्य, हिवाळ्याचा शेवट. पत्र्याची उंच शेड. आत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली बोट.)

शेडमध्ये शिरल्यावर आधी दिसतं ते व्हार्निश. महोगनीच्या फळ्यांवर खिडकीतला उजेड पडलाय, नाळेवरची क्रोमची पट्टी लखलखतेय. ही बोट पाहताच विकत घ्यावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण आपण सुरुवात करणार आहोत खालून. पाठीवर झोपून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकचा हातोडा घेऊन.

ही आहे क्रिस-क्राफ्ट केबिन क्रूझर. पोटात झोपायची जागा, ओटा आणि छोटं संडास असलेली, दोन इंजिनांची, 1960च्या आसपासची मोटरबोट. इथून जवळच, सेंट क्लेअर नदीकाठी अल्गोनॅक नावाचं गाव आहे. तिथे क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ बदकांच्या शिकारीसाठी होड्या बांधायचा. त्याच्या घराण्यातून ही कंपनी उभी राहिली. पुढे 1964मध्ये कंपनीने फायबरग्लासची 38 फुटी कमांडर बाजारात आणली, आणि लाकडाचे दिवस मावळू लागले.

(दृश्य: हातोड्याचे ठोके. टण्. टण्. थप्प.)

ऐकलंत? चांगलं लाकूड खणखणीत बोलतं. कुजलेलं दबक्या आवाजात.

नवख्या माणसाला वाटतं, लाकडाचा वैरी समुद्राचं खारं पाणी. पण मीठ लाकूड बरंचसं राखतं. कुजवतं ते गोडं पाणी, आणि त्यातही पावसाचं. डेकच्या फटीतून, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ते थेंबाथेंबाने झिरपतं आणि ओकच्या बरगड्यांच्या बुडाशी साचतं. पाणी पुढे वाहून जावं म्हणून बरगड्यांना बारीक भोकं ठेवलेली असतात. ती कचऱ्याने बुजली, की तिथून कुजायला सुरुवात होते. त्यामुळे बोट पाहताना ती भोकं मोकळी आहेत का, हे मी सगळ्यात आधी बघतो. मागच्या मालकाने बोटीवर किती माया केली, ते तिथे कळतं.

तळाच्या फळ्या दुहेरी आहेत, मध्ये लेप लावलेलं कॅनव्हास. विकणारा म्हणेल, "पहिल्या दिवशी पाणी येतं, मग लाकूड फुगलं की थांबतं." यात खोटं काही नाही. कोकणात शाकारलेली होडी पुन्हा पाण्यात जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे माहीत आहे. सुकलं की लाकूड आक्रसतं, भिजलं की फुगतं. पण आठवडा उलटला तरी पाणी उपसणारा पंप पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर ते फुगणं नव्हे, ती गळती आहे. अशा वेळी पाण्याच्या रेषेखालचे दोन-चार स्क्रू काढून दाखवायला सांगा. झिजून टोकदार झालेले स्क्रू निघाले, तर पुढे सगळा तळ उघडावा लागेल हे धरून चाला.

(दृश्य: इंजिनावरची झाकणं उघडतात. निळ्या रंगाचे दोन व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरांची इंजिनं.)

आता इंजिनं. नाव क्रिस-क्राफ्टचं, पण आतला ठोकळा, म्हणजे इंजिनाचा मुख्य लोखंडी सांगाडा, मोटारी बनवणाऱ्या शेव्हरोलेटचा. 283 घन इंचांचा, म्हणजे सुमारे 4.6 लिटरचा, 185 अश्वशक्तीचा. मोटारीचं इंजिन म्हणजे सुटे भाग कुठेही मिळतील, असं वाटतं. अर्धं खरं आहे. बोट ढकलणारे पाण्यातले दोन पंखे (प्रॉपेलर) एकमेकांच्या उलट फिरले तर बोट सरळ चालते, म्हणून दोनपैकी एक इंजिन उलट्या दिशेने फिरणारं असतं. त्याचा कॅमशाफ्ट वेगळा, स्टार्टर वेगळा. तिथे गॅरेजमधला भाग चालणार नाही.

आणि मोटारीचा भाग बसतो म्हणून बसवू नये, हे फार कळकळीने सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये, साचून राहते. म्हणून बोटीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि स्टार्टर ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात, कार्बोरेटरवर ज्वाळा अडवणारी जाळी असते. चावी फिरवण्याआधी चार मिनिटं बिल्जचा हवा ओढणारा पंखा लावून ती हवा बाहेर काढायची आणि नाकाने वास घ्यायचा. कुणीतरी पैसे वाचवायला मोटारीचा अल्टरनेटर लावला असेल, तर तिथे चावी लावायची नाही. या चुकीने बोटी फुटल्या आहेत, माणसं गेली आहेत.

ही इंजिनं बाहेरचंच पाणी ओढून थंड होतात. पंचमहासरोवरांचं गोडं पाणी ओढलेलं इंजिन आणि फ्लोरिडाचं खारं पाणी ओढलेलं इंजिन, दोघांचं वय सारखं असलं तरी आतून फार फरक असतो; मीठ लाकूड राखतं, पण लोखंड खातं. बोट आधी कुठे गेली, हे कळायला एक सुंदर सोय आहे. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज इथल्या मरिनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्टचं दप्तर जपून ठेवलंय. बोटीचा क्रमांक दिला की तिचं मूळ कार्ड मिळतं. कोणती इंजिनं बसवली, बोट कुणाकडे रवाना झाली, सगळं त्यावर.

गोड्या पाण्याचा धोका मात्र वेगळा. इथल्या थंडीत इंजिनात पाणी राहिलं तर ते गोठून लोखंडी ठोकळा फोडतं. ठोकळ्याच्या बाजूला ताजा रंग दिसला, तर त्याखाली वेल्डिंग आहे का ते हाताचं बोट फिरवून बघा. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजा. आठांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर खरेदी थांबवा. हे काम इंजिनाच्या मेकॅनिकचं. लाकूड तपासणारा सर्वेअर वेगळा, आणि दोघांचेही पैसे आपण द्यायचे, विकणाऱ्याने नाही.

पेट्रोलचा हिशेबही आधीच करावा. दर दहा अश्वशक्तीला तासाला साधारण एक गॅलन. दोन्ही मिळून दोनशे अश्वशक्ती वापरली, तर तासाला 75 लिटर.

(दृश्य: एप्रिल. बोट पाण्यात. मेकॅनिक इंजिनावर तळहात ठेवतो.)

इंजिन गार आहे. हवं तसंच. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कसंही सुरू होतं. बिल्जचा पंखा चार मिनिटं चालला. वास नाही. डावं इंजिन सुरू. उजवं, दुसऱ्या प्रयत्नात. निळसर धूर येतो, मिनिटभरात विरतो.

नदीच्या मध्यावर दोन्ही थ्रॉटल पूर्ण पुढे. डावं ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतं. उजवं तीनशेने कमी. पाण्यातला पंखा वाकडा असेल, कदाचित इंजिन थकलं असेल. मेकॅनिक वहीत लिहून घेतो.

धक्क्यावर परतल्यावर तो पुन्हा झाकण उघडतो, आणि टॉर्च खाली धरतो.