जिवंत माणसाला खांदा

(दृश्य: पाऊस. लाल चिखलाची वाट. चौघांच्या खांद्यावर डोली.)

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, भीमगडचं जंगल. इथल्या काही गावांत पावसाळ्यात गाडी पोचत नाही. कुणी अंथरुणाला खिळलं की गडी पुढे होतात, डोली बांधतात आणि नाले ओलांडत त्याला सडकेपर्यंत आणतात. खांदा द्यायचा म्हटलं की आपल्याला मयत आठवते. इथे खांदा जिवंत माणसाला द्यायचा असतो, आणि तोही वेळेत.

(दृश्य: बेळगाव कॅम्प. बिगुलाचा आवाज. शर्कत युद्धस्मारक.)

बेळगावात 1922 पासून मराठा पलटणींचं केंद्र आहे. लढायांची नावं, पदकं, पराक्रम आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवेत. पण गोळी लागून पडलेल्या शिपायाला त्या घडीला पदक नको असतं. आपल्याला उचलायला कोण येतंय, एवढंच तो बघत असतो.

जुन्या पलटणींबरोबर डोल्या असत आणि त्या वाहणारे कहार असत. गोळ्यांच्या माऱ्यात ते पुढे जात, पण लढवय्यांत त्यांची गणती नसे. ब्रिटिशांच्या फौजेत हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणीचा दवाखाना तिचा तिने चालवायचा. आजारी शिपायाने अंथरूण-पांघरूणही स्वतःचंच आणायचं. छावणीत हे कसंबसं भागे. लढाईत ते कसं कोलमडतं, हे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, दिसलं.

(दृश्य: नदी, सपाट वाळवंट, जुनी छायाचित्रं.)

नोव्हेंबर 1915. पहिलं महायुद्ध. बगदादच्या वाटेवर तुर्कांशी टेसिफोनची लढाई झाली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. जखमी हजारोंनी पडले आणि त्यांना न्यायला होत्या सामान वाहायच्या खच्चरगाड्या. दोन चाकं, लोखंडी सांगाडा आणि खाली स्प्रिंग नाही. मांडीचं हाड मोडलेला माणूस अशा गाडीत कसा जात असेल? आपल्याकडे खड्ड्यांच्या रस्त्यावरून बैलगाडीत बसलेल्या कुणालाही विचारा. गाडीत बसला धक्का की हाडाची टोकं मांसात घुसायची. काही जखमींनी गाडी नाकारली आणि नदीपर्यंत रांगत जाणं पत्करलं.

पुढे नदीतून बसऱ्यापर्यंतचा प्रवास. बोटींवर जखमी दाटीवाटीने, उघड्यावर, दिवस-दिवस आपल्याच घाणीत पडलेले. बसऱ्याला अशी एक बोट आली तेव्हा मेजर मार्कहॅम कार्टर हा डॉक्टर तिथे होता. बोटीच्या बाजूंनी दोरखंड लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. त्याने ते तसंच लिहून कळवलं. वरिष्ठांनी त्याला दटावलं, अटकेची धमकी दिली, पण तो हटला नाही. मला या सगळ्या कथेत हा माणूस फार मोठा वाटतो. जखमीला खांदा देण्याचा हाही एक प्रकारच.

मागे उरलेली डिव्हिजन कूट या नदीकाठच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. वेढा 147 दिवस चालला. घोड्याचं मांस खायला बहुतेक हिंदी शिपायांचं मन धजेना. भाजीपाला नाही, पिठाचा शिधा रोज घटतोय. हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, जुन्या जखमा भरेनात. डॉक्टरांना आजार कळत होता, स्कर्व्ही. औषध म्हणून हवा होता ताजा पाला. शिपाई माळावरचं तण खुडून शिजवत होते. 29 एप्रिल 1916 ला कूट पडलं.

1917 मध्ये या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. 1918 मध्ये पलटणीगणिक दवाखान्याची पद्धत मोडून हिंदी शिपायांसाठी स्टेशन हॉस्पिटलं, म्हणजे अख्ख्या छावणीची सामाईक इस्पितळं, निघाली. खाट, कपडे, परिचारक, सगळं एका छताखाली. त्यासाठी केवढी माणसं मरावी लागली!

(दृश्य: हातात खाकी पुडकं. ते फाडून आतली पट्टी उलगडते.)

ही फर्स्ट फील्ड ड्रेसिंग. शिपायाच्या खिशातली पट्टी. मध्ये जाड गादी, दोन्हीकडे बांधायला लांब टोकं. दुसऱ्या महायुद्धात हिच्या मागे उभं राहिलं रक्त, जखमेवर टाकायची जंतुनाशक सल्फाची भुकटी, पेनिसिलिन. 1943 मध्ये इंडियन आर्मी मेडिकल कोअर, म्हणजे लष्कराचं वैद्यकीय दल, स्थापन झाली. पण पट्टीपासून पेनिसिलिनपर्यंतचं अंतर माणसानेच कापायचं होतं.

9 एप्रिल 1945, इटली, सेनिओ नदी. पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा शिपाई नामदेव जाधव कंपनीचा रनर, म्हणजे निरोप पोचवणारा, होता. पुढे गेलेल्या तुकडीत जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले. नामदेवने एका जखमीला उचललं. खोल पाणी, उभा चढ, पुढे सुरुंगांचा पट्टा, वरून मशीनगनचा मारा. त्याला पलीकडे ठेवून तो परत आला आणि दुसऱ्याला घेऊन गेला. मग पुन्हा फिरला आणि त्या मशीनगनच्या ठाण्यांवर तुटून पडला. हाताला गोळी लागली, बंदूक धरवेना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. ठाणी गप्प झाल्यावर बांधावर चढून त्याने मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्या कामगिरीची सुरुवात झाली ती दोन जखमींना पाठीवर घेऊन नदी ओलांडण्यापासून.

(दृश्य: भीमगडची वाट. डोली सडकेला लागते. रुग्णवाहिकेचं दार उघडतं.)