सरवा

नमस्कार श्रोतेहो. हिवाळा सरला, शेतं पिकली. गहू कापायला आला की नाही हे कळायला दात पुरतात. ओंबी तळहातावर चोळा, फुंकर मारा, दाणा दाताखाली धरा. कटकन फुटला तर विळे काढा. नुसता दबला तर थांबा. विळ्यानं कापायचं तर सकाळच्या दवात, कारण दुपारच्या तापलेल्या ओंबीला धक्का लागला की दाणे जमिनीवर. मळणी मात्र कडक उन्हात. पुन्हा सांगतो, कापणी दवात, मळणी उन्हात. आणि विळा बोथट असला तर काडी कापली जात नाही, ओढली जाते, सगळी ओंबी हादरते. धार लावायला वेळ नाही म्हणणारे गळलेले दाणेही मोजत नाहीत. असो.

आज बोलायचंय ते सरव्याबद्दल. हातून निसटलेल्या, पेंढ्या बांधताना गळलेल्या ओंब्या म्हणजे सरवा. सुगीच्या दिवसांत कृतज्ञतेवर बोलणारे पुष्कळ भेटतात. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या शेतातला सरवा कोण वेचतं, ते आधी बघावं.

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यांत याची रीत ठरलेली असे. सगळं पीक उचललं तरी मालक एक पेंढी मुद्दाम शेतात ठेवायचा. ती राखणीची पेंढी. ती आहे तोवर सरवा वेचायला कुणी आत पाऊल टाकायचं नाही. मालकाची माणसं दाताळं फिरवून आपलं उरलंसुरलं ओढून घ्यायची, मग पेंढी उचलायची. पेंढी गेली की शेत मोकळं. कित्येक गावांत सकाळी चर्चची घंटा व्हायची, तेव्हा बायकापोरांनी एकदमच शिरायचं आणि संध्याकाळच्या घंटेला सगळ्यांनी बाहेर. घंटा कशाला? तर जिच्या कडेवर तान्हं मूल आहे, जिला घरचं आवरून यायला उशीर होतो, तिच्याआधी एखादी धडधाकट बाई पहाटेच शेत साफ करून जाऊ नये म्हणून! लांब देठाच्या ओंब्या मुठीत धरायच्या, मूठ भरली की काडीनंच गाठ मारायची. देठ तुटलेल्या ओंब्या ओटीत.

आणि मग प्रकरण कोर्टात गेलं. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हाउटन नावाच्या बाईनं जेम्स स्टीलच्या शेतात सरवा वेचला, त्यानं तिच्यावर दावा ठोकला. १७८८ साली न्यायाधीशांनी बहुमतानं निकाल दिला की सरवा वेचायचा कायदेशीर हक्क कुणालाच नाही. संपलं? छे. कागदावरचा हक्क गेला, पण पुढच्या शतकातही कितीतरी गावांत घंटा वाजत राहिल्या, पेंढ्या राहत राहिल्या. पुढच्या कापणीला त्याच घरांतले हात लागणार होते ना!

बरं, सरवा वेचू देण्यात मालकाचंही भलं असतं. पडलेला दाणा पहिल्या ओलीला उगवतो, आणि त्या आगंतुक रोपांवर तांबेरा नि मावा तग धरून राहतात, पुढच्या पेरणीपर्यंत. म्हणून शेत रिकामं झाल्यावर दोन दिवसांत, पाऊस यायच्या आत वेचणी व्हावी. कापलेला बुडखा मात्र जाळू नका. जमिनीचं जमिनीला राहू द्या.

किती गळलं ते मोजा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट टाकून आतले दाणे मोजायचे. शंभर दाणे म्हणजे सुमारे चार ग्रॅम, म्हणजे एकरी सोळा किलो. एकाच जागी मोजू नका, चारपाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. हार्वेस्टर घाईनं पळवलेल्या शेतात हा आकडा बघून तोंड कडू होतं.

आता साठवण, थोडक्यात. दाणा वाळला पाहिजे आणि निवलाही पाहिजे. कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश गहू, दोनतीन मोठे चमचे कोरडं मीठ, मिनिटभर हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा उन्हात पसरा. चिकटलं नाही, तरी लगेच कोठीत भरू नका. रात्रभर सावलीत पसरून निवू द्या. ऊन ऊन धान्य भरलं की रात्री वरचा थर गार पडतो, आतली वाफ तिथं बसते आणि चार बोटं जाडीची बुरशीची खपली तयार होते. वाळला पाहिजे, निवला पाहिजे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

सरव्याचे दाणे या कोठीत मिसळू नका. ते मातीला लागलेले असतात, त्यात खडे असतात, काही दाण्यांना ओलीनं मोड फुटायला लागलेले असतात. वेगळे पाखडा, वेगळे वाळवा, वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि दळायला पहिली तीच पिशवी काढा.