लॉस सँटोसमधल्या इंदूताई

(दृश्य : संगणकाचा पडदा, चेहऱ्याचा जवळून दिसणारा भाग)

पडद्यावर दिसणारा हा चेहरा अजून कोणाचाच नाही. कर्वेनगरातील एका भाड्याच्या खोलीत बसलेली 23 वर्षांची तरुणी तो घडवत आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' या खेळात नव्या पात्राचा चेहरा थेट निवडता येत नाही. आधी त्याची आई आणि वडील निवडावे लागतात, मग चेहऱ्याची ठेवण कोणाकडे किती झुकेल आणि वर्ण कोणाचा किती उतरेल हे दोन पट्ट्या सरकवून ठरवावे लागते. त्यानंतर नाकाची रुंदी, भुवयांची उंची, गालाचे हाड, हनुवटी असे वीस बारकावे उरतात. तरणाताठा, देखणा चेहरा करण्याची सोय इथे भरपूर आहे आणि तिचा मोह बहुतेकांना होतो. ही तरुणी मात्र वार्धक्याच्या खुणांचा पर्याय एकेक पायरी वाढवत चालली आहे. कपाळावर आठ्या आल्या, उन्हाने रापलेली त्वचा आली, केसांत पांढरे आले. मूळ खेळाच्या कपाटात साडी नाही, म्हणून तिने लांब बाह्यांचा स्वेटर आणि सैल पँट निवडली. आता पडद्यावर एकसष्ट वर्षांची बाई उभी आहे आणि तिचे नाव इंदूताई आहे.

(दृश्य : लॉस सँटोस शहर, पहाट)

हे शहर त्याच खेळातील आहे. लॉस एंजेलिसच्या धर्तीवर रचलेले हे काल्पनिक शहर 2013 मध्ये खेळाडूंसमोर आले आणि 2015 मध्ये संगणकावर पोहोचले. मूळ खेळ दरोड्यांचा आणि पाठलागांचा आहे. परंतु 'फाइव्हएम' नावाच्या बाहेरच्या एका प्रणालीमुळे कोणालाही स्वतःचा सर्व्हर, म्हणजे खेळाडूंना एकत्र जोडणारा संगणक, उभारून, स्वतःचे नियम लावून हेच शहर वेगळ्या रीतीने वसवता येऊ लागले. सुरुवातीला या प्रयत्नांना मूळ खेळाच्या निर्मात्यांचा विरोध होता. ऑगस्ट 2023 मध्ये मात्र त्यांनी ही प्रणाली घडवणाऱ्या मंडळींना आपल्यातच सामावून घेतले. आज या शहरात शेकडो लोक एकाच वेळी डॉक्टर, पोलीस, मेकॅनिक, वकील, पत्रकार आणि अर्थातच गुंड म्हणून वावरतात. त्याला आरपी, म्हणजे रोलप्ले किंवा भूमिका जगणे, म्हणतात. इथे गुणसंख्या नाही, पार करायची पातळी नाही आणि शेवटही नाही.

या प्रकाराची मुळे बरीच जुनी आहेत. 1974 मध्ये प्रकाशित झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाने बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव अशा सहा गुणांवर पात्र उभे करण्याची रीत घालून दिली. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा संगणकीय खेळ घडवला. त्यात एकही चित्र नव्हते. आपण कोण आहोत आणि काय करत आहोत हे केवळ टंकलेल्या शब्दांतून इतरांना कळत असे. पुढे 1996 मध्ये बार्टल यांनी अशा खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार मांडले : यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांना मारणारे. भूमिका जगणारा खेळाडू यांपैकी कोणत्याही एका खणात नीट बसत नाही, असे आम्हाला हा माहितीपट करताना वाटत राहिले. तो शोध घेतो आणि माणसेही जोडतो, पण हे सारे स्वतःसाठी न करता आपल्या पात्रासाठी करतो.

(दृश्य : अर्जाचा मसुदा, वहीतील टिपणे)

चांगल्या आरपी सर्व्हरमध्ये कोणालाही थेट शिरता येत नाही. व्हाइटलिस्टसाठी, म्हणजे प्रवेश मिळालेल्यांच्या यादीसाठी, अर्ज करावा लागतो आणि त्या अर्जाचा गाभा असतो पात्राची बॅकस्टोरी, म्हणजे पूर्वकथा. पडद्यावर दिसणारी वही याच कामाची आहे. तीत इंदूताईंचे माहेर आहे, एसटीत चालक असलेले त्यांचे दिवंगत यजमान आहेत, त्यांच्याकडून शिकलेले ड्रायव्हिंग आहे आणि परदेशी गेलेल्या मुलाने घेतलेला अबोला आहे. पहिला अर्ज परत आला. या पात्राला सगळेच जमते, मग त्याच्यासोबत दुसऱ्याने खेळायचे काय, असा प्रश्न सर्व्हर चालवणाऱ्यांनी विचारला होता. हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. नाटक लिहिणाऱ्याला पहिल्या वाचनात हाच प्रश्न विचारला जातो.

दुसऱ्या मसुद्यात इंदूताईंना रात्री कमी दिसू लागले आणि त्यांना इंग्रजी पाट्या वाचता येईनाशा झाल्या. या दोन उणिवांनी पात्र जिवंत केले. इंदूताई टॅक्सी चालवतात, पण रस्त्यांची नावे त्यांना ठाऊक नाहीत, म्हणून अस्सल पुणेकर पत्ता सांगतो तसे त्या खुणांवरून शहर ओळखतात. लीजन स्क्वेअर हा त्यांच्यासाठी बागेचा चौक आहे. डेल पेरोच्या धक्क्यावर आकाशपाळणा आहे, म्हणून तो पाळण्याचा घाट. अंधार पडल्यावर त्या डोंगराकडचे भाडे घेत नाहीत, गिऱ्हाइकाने कितीही पैसे देऊ केले तरी. काही आठवड्यांनी त्या सर्व्हरवरचे पोलीस वायरलेसवर 'बागेचा चौक' म्हणू लागले, आणि त्याचे ध्वनिमुद्रण आपण आता ऐकत आहोत.

(दृश्य : सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिराचा दर्शनी भाग)

ही तरुणी महाविद्यालयात असताना एकांकिका करत असे. 1963 पासून पुण्यात होत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने या शहरातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभे केले आहे. ज्या शहरात एकांकिकेच्या तालमीसाठी मुले रात्र रात्र जागतात आणि त्याचे कौतुक होते, त्या शहराने याही अभिनयाकडे आदराने पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथे संहिता नाही, तालीम नाही, आणि समोरचा नट पुढचे वाक्य काय बोलेल हे कोणालाही माहीत नाही. प्रयोग तास तास चालतो आणि प्रेक्षक असतील तर तेही त्याच प्रयोगातील पात्रे असतात.

(दृश्य : खेळाडू हेडफोन लावून बोलत आहे; शेजारी खेळाचा पडदा)

बोलताना तिचा आवाज किती खाली आला आहे पाहा. माइकवरचा आवाज खेळात अंतरानुसार ऐकू येतो. जवळचा माणूस स्पष्ट ऐकतो, रस्त्यापलीकडचा ऐकत नाही. चालण्याची ढब तिने संथ निवडली आहे. शरीराने दाखवता येत नाही ते '/me' (उच्चार 'मी') या टंकायच्या आज्ञेने लिहून दाखवायचे असते, आणि मग इंदूताईंच्या डोक्यावर अक्षरे उमटतात : गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उठते. या लेखनालाही शिस्त आहे. आपण धक्का देण्याचा प्रयत्न करतो असे लिहिता येते, समोरचा पडला असे लिहिता येत नाही. तसे लिहिले तर ते पॉवरगेमिंग ठरते. दुसऱ्याच्या स्ट्रीमवर, म्हणजे थेट प्रक्षेपणावर, किंवा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर कळलेली गोष्ट आपल्या पात्राला ठाऊक असल्यासारखे वागणे म्हणजे मेटागेमिंग, आणि त्यासाठी सर्व्हरबाहेर काढले जाते. बंदूक रोखली गेली तर पात्राने घाबरलेच पाहिजे, कारण पडद्याबाहेरचा खेळाडू सुरक्षित असला तरी पात्राला एकच जीव आहे असे मानून खेळायचे असते.

पुढील प्रसंग आम्ही मूळ आवाजात ठेवला आहे. दोन तरुण टॅक्सी अडवतात आणि त्यांतला एक म्हणतो, "मावशी, गाडीतून उतरा." इंदूताई हात वर करतात, किल्ली देतात आणि समोर लावलेला यजमानांचा फोटो तेवढा मागतात.

(दृश्य : लुटीचा प्रसंग, मूळ संवाद, निवेदन नाही)

फोटो परत देणारा तो दरोडेखोर नाशिकचा विद्यार्थी आहे आणि तोवर त्याची आणि या तरुणीची ओळखही नव्हती. त्याने नंतर कळवले की आपले पात्र असे वागेल हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

खेळापायी या तरुणीची रात्रीची झोप कमी झाली, एका सत्राचे गुण घसरले आणि घरी त्यावरून बोलणे झाले. बाईचा आवाज ऐकून त्रास देणारेही भेटले, त्यांची तक्रार करावी लागली.

(दृश्य : पावसाळी संध्याकाळ, इन्व्हर्टरचा दिवा, पुन्हा संगणक)

अचानक वीज गेली तर पात्र खेळातून नाहीसे होते, आणि झटापटीच्या वेळी तसे झाले तर ती पळवाट मानली जाते. त्यासाठी तिने खोलीत इन्व्हर्टर बसवून घेतला आहे. आता ती स्वतः नवोदितांचे अर्ज तपासते. आज तिच्यासमोर सैन्यातून निवृत्त झालेला, पाच भाषा बोलणारा आणि कशालाही न भिणारा एक पंचविशीतला नेमबाज आला आहे. पंचविशीत तो निवृत्त कसा झाला, हा तिचा पहिला प्रश्न आहे. त्याला काय जमत नाही, हा दुसरा प्रश्न लिहून तिने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे.