संमतीपत्रातलं ‘पूर्णपणे गोपनीय’ आधी खोडा

नमस्कार डॉक्टर. दवाखाना सांभाळून संशोधन करणारे तुम्ही बरेच जण एकच विचारताय: मुलाखतीत १६ वर्षांच्या मुलीने लैंगिक अत्याचाराचं सांगितलं, पण ती आपली पेशंट नाही, अभ्यासातली सहभागी आहे. मग पोलिसांना कळवायचं का?

कळवायचंच. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा २०१२, कलम १९. तिथे ‘डॉक्टर’ नाही, ‘कोणतीही व्यक्ती’ म्हटलंय. वय १८च्या आत असेल, तर मुलीची संमती होती हे कारण चालत नाही. न कळवल्यास कलम २१प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

घोळ होतो तो संमतीपत्रात, म्हणजे अभ्यासात भाग घेण्याआधी सही घेता त्या कागदात. ‘तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील.’ हे वाक्य खोडा. त्याच्या भरवशावर मुलगी बोलते आणि मग तुम्हाला पोलिसांकडे जावं लागतं. त्याऐवजी लिहा: ‘१८ वर्षांखालील कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर कायद्याने आम्हाला पोलिसांना सांगावं लागतं.’ पालकांच्या संमतीपत्रात लिहा आणि मुलीच्या होकारपत्रातही. पहिला प्रश्न विचारण्याआधी तोंडी सांगा. ती रडायला लागल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक झाली.

कॉमेंटमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘आमचा डेटा निनावी आहे.’ नावाऐवजी कोड टाकलात आणि कोडची यादी कपाटात आहे? मग तो निनावी नाही, आणि गोपनीयतेचं वचन इथेही खोटंच. खरोखर निनावी हवं असेल तर नाव, फोन, कोड काहीच नको. मुलीने स्वतः कागद भरून पेटीत टाकावा.

‘एथिक्स कमिटीने मंजूर केलंय’ हेही ऐकू येतं. संशोधनाला नैतिक मंजुरी देणारी ही कमिटी तुम्हाला कायद्यातून सूट देऊ शकत नाही. तिने ते वाक्य पास केलं असेल, तर दुरुस्ती पाठवा. २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही पुढे करू नका. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर कळवताना तिची ओळख न देण्याची मुभा त्यात आहे, पण गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला. तुमच्या सर्वेक्षणाला नाही.

माहिती मुलाखत घेणाऱ्या कार्यकर्तीला मिळाली, तर जबाबदारी तिचीही आहे. तिला एकटं सोडू नका; फोन कोण करणार, मुलीसोबत कोण थांबणार, हे प्रोटोकॉलमध्येच (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) लिहा. विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक ठाणं, कुठेही कळवता येतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कलम १९(७)चं संरक्षण आहे. माहितीला नोंद क्रमांक पडायलाच हवा, तो मागून घ्या आणि संशोधनाच्या फाइलमध्ये नाही, वेगळ्या कुलूपबंद रजिस्टरमध्ये लिहा.