एनके पेशी थंड का पडतात?

(लाल मिरच्यांची पिशवी टेबलावर ठेवत)

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात मसाला कुटून आणायला डंकावर कधी गेलायत? दारातच ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. आणि यंत्रात मिरच्या ओतणाऱ्या मावशी शांतपणे विचारतात, "किती किलो आणल्यात?" त्यांचं नाक बिघडलेलं नसतं. रोजच्या माऱ्याला ते सरावलेलं असतं. हे डोक्यात असू द्या, कारण आजचा विषय त्याच्या अगदी जवळचा आहे.

एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशी. या आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी. रक्तातल्या लिम्फोसाइट्समध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये, यांचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के. विषाणूनं ताबा घेतलेली किंवा कर्करोगाची पेशी सापडली की तिला चिकटायचं, तिच्या आवरणाला भोकं पाडायची आणि आत ग्रँझाइम नावाची प्रथिनं सोडायची. मग ती पेशी आपली आपण मरते.

पण मारायचं कुणाला, हे कळतं कसं? आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर एमएचसी क्लास वन नावाचे रेणू असतात. ते दिसले की एनके पेशीचा ब्रेक दाबला जातो. टी पेशी, म्हणजे आपल्या दुसऱ्या संरक्षक पेशी, हेच रेणू तपासून शत्रू ओळखतात. त्यांना चुकवायला कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा हे रेणू लपवतात, आणि तिथेच एनके पेशीच्या तावडीत सापडतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९८६ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. जे 'नाही', त्यावरून शत्रू ओळखायचा! मला ही कल्पना आजही थक्क करते.

मग १९९१ मध्ये एक कोडं पडलं. जनुक काढून टाकून असे उंदीर तयार केले, ज्यांच्या पेशींवर क्लास वन जवळपास नव्हतंच. म्हणजे ब्रेक दाबणारं कुणीच नाही. एनके पेशींनी अख्खा उंदीर फस्त करायला हवा होता. उंदीर ठणठणीत राहिले.

एनके पेशी नव्हत्याच का? होत्या की, संख्येनं पुरेशा. मग त्यांची प्रयोगशाळेत परीक्षा झाली. ही परीक्षा कशी असते बघा. (छोटी नळी कॅमेऱ्याजवळ धरून) शिकार व्हायच्या पेशींमध्ये किरणोत्सारी क्रोमियम भरतात. त्यात एनके पेशी मिसळतात. साधारण चार तासांनी वरचं पाणी अलगद काढून मोजतात. पेशी फुटली असेल तर क्रोमियम पाण्यात उतरलेलं असतं. या उंदरांच्या एनके पेशी टाकल्या तेव्हा फारसं काही उतरलंच नाही. शिकार समोर, हत्यारं जवळ, पण हात उचलला जात नाही.

याचं उत्तर २००५ मध्ये आकाराला आलं. अमेरिकेत वेन योकोयामा यांच्या गटानं त्याला 'लायसन्सिंग', म्हणजे परवाना मिळणं, म्हटलं. ज्या एनके पेशीला स्वतःच्या शरीरातलं क्लास वन ओळखणारा ब्रेक आहे, तीच पुढे तिखट होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या गटाला दिसलं, की अगदी निरोगी उंदरातही काही एनके पेशींना असा ब्रेक नसतो, आणि त्या मंदच राहतात. माझ्या मते त्यामागची सगळ्यात पटणारी मांडणी अशी: ब्रेक नसलेल्या पेशीला आजूबाजूच्या पेशींकडून सतत उत्तेजना मिळत राहते, थांबवणारं कुणी नसतं, आणि ती सरावते. डंकावरच्या नाकासारखी.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. हे सरावणं कायमचं नसतं. २०१० मध्ये पूर्ण वाढ झालेल्या एनके पेशी एका उंदरातून दुसऱ्यात घातल्या. क्लास वन नसलेल्या उंदरात गेलेल्या चांगल्या तिखट पेशी काही दिवसांत थंड पडल्या. उलट, थंड पेशी साध्या उंदरात गेल्या आणि शुद्धीवर आल्या. म्हणजे पेशी जन्मभराचं शिक्षण घेऊन येत नाही, शेजार बघून स्वतःला जुळवून घेत राहते.

म्हणूनच 'एनके पेशी वाढवा' अशा जाहिराती पाहिल्या की मला राग येतो. रिपोर्टमधला आकडा बहुतेक वेळा संख्या सांगतो, धार सांगत नाही. त्या १९९१ च्या उंदरांमध्येही संख्या भरपूर होती.

आणि ट्यूमरच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, आत नेमकं हेच होतं. क्लास वन लपवलेला ट्यूमर म्हणजे एनके पेशीसाठी आयती शिकार, पण ती त्या गर्दीत राहते, उत्तेजना थांबत नाही, आणि तिथेच थंड पडते. २०१४ मध्ये बर्कलेच्या गटानं उंदरांत हे दाखवलं. त्यांनी अशा उंदरांना इंटरल्युकिन १२ आणि १८ दिलं. संसर्गाच्या वेळी शरीर धोक्याची हाळी देतं ना, ती देणाऱ्या प्रथिनांपैकी ही दोन. थंड पडलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या आणि उंदीर जास्त जगले.

मग माणसांना का देत नाही? इंटरल्युकिन १२ थेट रक्तातून दिलं तर ते अख्ख्या शरीराला चेतवतं, आणि तो त्रास जीवघेणा ठरू शकतो. म्हणून आता खटपट चालू आहे ती हे औषध ट्यूमरपाशीच जागं होईल, बाकी अंगात झोपून राहील, अशा रूपात बांधायची.