खिडकीच्या फटीतले कागदाचे बोळे

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या रामबागेतल्या एक काकू आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा तो खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबू लागल्याला आठ महिने झाले होते. भंवरकुव्याला कोचिंग असल्यामुळे त्याला अभ्यासात रस्त्याचा आवाज नको असेल, असे घरच्यांना वाटले. प्रत्यक्षात शेजारी आपल्याविषयी बोलत असल्याचे त्याला ऐकू येत होते आणि ते आवाज तो बंद करू पाहत होता. मधल्या काळात मित्र तुटले, झोप उडाली, अंघोळीचा कंटाळा आला. घरच्यांनी दृष्ट काढली, गंडा बांधला, पण डॉक्टर कुणाला सुचला नाही.

भास, भ्रम आणि विस्कळीत विचार यांमुळे खरे काय आणि मनातले काय यांतला भेद पुसला जातो, त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. ती बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होते आणि उपचारांना जितका उशीर होतो, तितके सावरणे कठीण होत जाते. हा उशीर कमी करणे आपल्या हातात आहे.

आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे खरे. ज्यात सायकोसिस दिसतो असा एक प्रमुख आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया; तो सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला होतो. आई किंवा वडिलांना तो असल्यास मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे १० असते, म्हणजे उरलेल्या नव्वदांना तो होत नाही. तरीही स्थळे येणार नाहीत या भीतीने आपल्याकडे घरातले आजारपण लपवले जाते आणि डॉक्टरांनाही सांगितले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. धोका वाढवणारी जन्माच्या वेळची गुंतागुंत किंवा बालपणीचा छळ मागे जाऊन पुसता येत नाही. गांजा मात्र टाळता येतो. तो कोवळ्या वयात आणि नियमित घेतल्यास सायकोसिसचा धोका वाढतो. भांगही त्याच झाडाची. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, ती सहज प्यायली जाते किंवा परवान्याच्या दुकानात मिळते, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. घरात हा आजार असलेल्या मुलांनी तर तिच्यापासून दूरच राहावे.

मुलगा आवाज ऐकू येत असल्याचे किंवा असे काही बोलू लागला, तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. "तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे," एवढे पुरते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याला एकटे न सोडता लगेच रुग्णालय गाठा. एरवी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना झोप कधी बिघडली, बोलणे कधी तुटले, कोणती औषधे किंवा नशा चालू होती, हे तारखांसह एका कागदावर लिहून न्या. त्या काकूंनी ते दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला लिहिले होते आणि निदानाला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.